काढलेली दुर्बीण परत बसते कुठे

रायफलीवरची दुर्बीण क्षणात काढता यावी, ही मागणी आज लष्करी रेलशी, म्हणजे रायफलीवरच्या खाचांच्या पट्टीशी, जोडली जाते. अमेरिकी लष्कराने 1995 साली प्रमाणित केलेली पिकाटिनी रेल त्याला कारण. मागणी मात्र कितीतरी जुनी आहे आणि तिचा उगम शिकारीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन आणि ऑस्ट्रियन कारागीर नखांचे माउंट करत होते. दुर्बिणीखालची पुढची नखे बैठकीच्या खाचेत अडकवायची, मागची खाली दाबायची की खटका बसे. खटका सरकवला की दुर्बीण हातात येई. प्रत्येक जोड कानशीने घासून त्या एकाच रायफलीपुरता बसवावा लागे, म्हणून हे काम महाग होते. एवढा खटाटोप कशासाठी? दुर्बीण दूरचे जवळ आणते, पण नजरेचा घेर आवळते. पावसाने तिचे भिंग धुरकटते. जखमी जनावर झुडपातून अंगावर आले, तर नळीवरची साधी माशी आणि खाच, म्हणजे बिनदुर्बिणीचा नेमच कामाला येतो.

भोपाळ संस्थानाचे रान याचे चांगले उदाहरण आहे. 1926 ते 1949 गादीवर असलेले नवाब हमीदुल्ला खान शिकारीचे शौकीन होते आणि त्यांची कन्या आबिदा सुलतान नेमबाजीसाठी प्रसिद्ध होत्या. चिकलोद, रातापाणी हा विंध्याच्या सागवानाचा, नाल्या-कपारींचा मुलूख. हाका घालून उठवलेला वाघ मचाणाजवळून जातो, तिथे दुर्बीण अडचणच. मग ती लावायचीच कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्याच रानात नाल्यापलीकडच्या उतारावर सांबर उभे असते, आणि तिथे उघड्या डोळ्याचा नेम तोकडा पडतो. एकाच दिवसात दोन्ही प्रसंग येऊ शकत, म्हणून दुर्बीण सुटी होणे हा चोचला नव्हता.

तरीही माउंट निवडताना वेगाला पहिला मान देणे मला चूक वाटते. काढलेली दुर्बीण परत नेमकी त्याच जागी बसते का, हा खरा प्रश्न. माउंटच्या दोन पायांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल आणि एक पाय केवळ 0.03 मिलिमीटरने सरकला, तर 100 मीटरवर गोळी सुमारे 3 सेंटिमीटर बाजूला जाते. केसाच्या निम्म्याहून कमी जाडीची ही चूक. शिकाऱ्याला ती तपासायला चाचणीची गोळी नसते, कारण पहिल्या आवाजालाच रान रिकामे होते. म्हणूनच जुन्या कारागिराची सगळी मेहनत खटक्याच्या चपळाईपेक्षा नखे आणि खाच यांच्या घट्ट मिलाफावर खर्च होई.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो काळ संपवला, आणि ते योग्यच झाले. भोपाळची नेमबाजी आता राज्य अकादमीच्या रेंजवर आहे. मार्च 2023 मध्ये तिथेच झालेल्या विश्वचषकात ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 10 मीटर एअर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. या खेळात रायफलीवर भिंगाची दुर्बीण चालत नाही, तेव्हा तुलनाच गैरलागू, असा आक्षेप येईल. पण नेमबाज डायऑप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरण्याचे साधन, लावतो, आणि प्रवासात अनेकजण तो रेलवरून काढून पेटीत ठेवतात. परत बसवताना तोही किंचित हलू शकतो. इथे दहाचा ठिपका तर अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तरी झटपट सुटणाऱ्या माउंटसाठी इथे कोणी हट्ट धरत नाही, कारण स्पर्धेच्या 60 गोळ्यांआधी तयारी आणि चाचणीच्या गोळ्यांसाठी 15 मिनिटे मिळतात. माउंटने जी हमी द्यायची, ती इथे नियम देतो. ज्याला अशी मिनिटे मिळत नाहीत, त्याने दुकानात खटका किती लवकर सुटतो हे पाहण्याआधी रेंजवर दुर्बीण दहादा काढावी, दहादा बसवावी आणि कागदावरची भोके मोजावीत.