बजबजची खास आगगाडी

व्हँकूवरने परतवून लावलेले ‘कोमागाटा मारू’ हे जहाज २९ सप्टेंबर १९१४ रोजी बजबजला लागले. प्रवाशांत गुरदित्तसिंग यांचा लहानगा मुलगाही होता. सरकारची तयारी नव्हती, असे म्हणता येणार नाही. त्याच महिन्यातील प्रवेश-अध्यादेश, पोलीस आणि थेट पंजाबला नेणारी खास आगगाडी, सारे सज्ज होते. मात्र परतणारा म्हणजे संशयित, एवढीच प्रशासनाची व्याख्या. घर, शाळा, उपजीविका यांविषयी अध्यादेशात अवाक्षर नाही. प्रवासी कलकत्त्याकडे निघाले, त्यांना अडवले गेले आणि गोळीबारात सुमारे वीस जण मारले गेले. गुरदित्तसिंग १९२१ पर्यंत भूमिगत राहिले. मुलाचे ‘पुनर्वसन’ अर्थातच आप्तांवर पडले असणार. ‘मुलाला कुटुंबात परत पोचवणे’ हे उद्दिष्ट २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या चाळिसाव्या कलमात स्पष्ट शब्दांत आले.