देखावा पश्चिमेचा, चव पूर्वेची

पुण्या-मुंबईचा कोणी टीममेट नागपूरला आला, की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "एवढं ऊन तुम्ही सहन कसं करता?" दुसरा, "सावजी कुठे खायचं?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात संपतं - कूलर. दुसऱ्याचं जरा लांब आहे, म्हणून हा वीकेंड त्याच्या नावे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधे सीताबर्डीचा किल्ला आणि त्याच्या शेजारून जाणारी रेल्वेलाइन. पूर्वेला महाल, इतवारी, गांधीबाग हे जुनं शहर. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, धरमपेठ आणि फुटाळा, अंबाझरी हे तलाव. संध्याकाळी "चल, बाहेर जेवू" म्हटलं की आमच्या वयाची मंडळी गाडी पश्चिमेकडेच वळवतात. फुटाळ्यावर वारा खात भाजलेलं कणीस खायचं, मग धरमपेठेत डोसा, मोमो, पिझ्झा, बिर्याणी, हवं ते. आणि हल्ली चांगल्या एसी रेस्टॉरंटच्या मेन्यूत एक ओळ हमखास असते: 'सावजी मटण'.

ही ओळ तिथे आली कुठून? मला जेवढा इतिहास कळतो त्यावरून सांगतो: देखावा पश्चिमेचा, पण चव पूर्वेची.

पश्चिमेचा देखावा आधीपासून होता. फुटाळा तलाव भोसल्यांनी बांधून घेतला. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत भोसले हरले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. साहेबांचे बंगले सिव्हिल लाइन्सच्या मोकळ्या हवेत उभे राहिले. तिकडे जेवण म्हणजे घरचा खानसामा, नाहीतर क्लब. पैसे टाकून कोणीही बसावं आणि जेवावं, अशी ती वस्ती नव्हती.

पूर्वेला मात्र माणसं येत होती, कामासाठी. १८६७ मध्ये मुंबईकडची रेल्वे पोचली. कापूस इथे, रेल्वे इथे, म्हणून जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथेच एम्प्रेस मिल सुरू केली. सावकारी करायला मारवाडी आले. रेल्वेच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या नोकऱ्यांमागे तमिळ, तेलुगू, बंगाली कुटुंबं आली. प्रत्येकाने आपापला डबा सोबत आणला. बिकानेरची भुजिया घेऊन हल्दीरामच्या घराण्यातले शिवकिशन अग्रवाल १९६० च्या दशकाअखेरीस इथे आले, तेही याच जुन्या वाटेने. पुढे त्याच दुकानांनी संत्रा बर्फी एवढी मोठी केली, की आज नागपूरहून परतणाऱ्याच्या हातात तो डबा नसेल तर घरचे दारातच विचारतात.

पण सावजी बाहेरून आलेलं नाही. ते हलबा कोष्टी समाजाच्या घरातलं जेवण. कोष्टी म्हणजे विणकर. नागपुरी लुगडी, धोतरं विणणारे. गोळीबार चौक, तांडापेठ ही त्यांची वस्ती. घरात हातमाग, चुलीवर रस्सा. मटण, खिम्याचे गोळे, सुंदरी म्हणजे बकऱ्याची आतडी. एकेकाळी फोडणी जवसाच्या तेलाची. मसाला भाजून, वाटून काळपट झालेला, त्यात दगडफूल, मिरी आणि भिवापूरकडची मिरची. बाहेरच्यांना यातलं फक्त तिखट लक्षात राहतं. मला वाटतं, त्या तिखटात हिशोब आहे. जाळ रस्सा असेल तर थोडंसं मटण आणि ढीगभर भाकरी यांत अख्खं घर जेवतं.

मग हे घरातलं जेवण दुकानात कसं आलं? गिरणीच्या कापडापुढे हातमाग हळूहळू मागे पडला, नंतर यंत्रमाग आले. माग थांबला तरी चूल पेटवावीच लागते. तेव्हा काही घरांनी पुढच्या खोलीत दोन बाकडी टाकली. रांधायला घरातली बाई, वाढायला घरातलाच पुरुष, बाहेर पाटी: 'अमुक सावजी भोजनालय'. अँबियन्स वगैरे शून्य. गिऱ्हाईक घाम पुसत जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं :)

हे लोण मुंबईपर्यंत पोचलं त्यात राजकारणाचाही हात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरचं राजधानीपण गेलं. पण १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरू लागलं. तेच आपलं हिवाळी अधिवेशन. डिसेंबरात आमदार, अधिकारी, पत्रकार यांचा फौजफाटा येतो. विधानभवन पश्चिमेला, सिव्हिल लाइन्समध्ये. दिवसभर तिकडे भाषणं, रात्री गाड्या पूर्वेच्या गल्ल्यांत. परत जाताना हे लोक ती चव आणि तिच्या गोष्टी घेऊन गेले. फुकटची जाहिरात, दरवर्षी.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पुढची थोडी टोचते.

१९८६ मध्ये एम्प्रेस मिल टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, नंतर बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलबा-कोष्टी हे अनुसूचित जमातींच्या यादीतल्या 'हलबा'मध्ये मोडत नाहीत. कायद्याच्या बारकाव्यात मी शिरत नाही. पण ज्या समाजातल्या घराघरांत 'आपण कागदोपत्री कोण?' हा प्रश्न वर्षानुवर्षं घोळत राहिला, त्याच समाजाच्या रश्श्याला मात्र ओळखीचा दाखला कधी लागला नाही. तो बाणेरला मिळतो, ठाण्यात मिळतो. लाल तर्री आणि भरपूर तिखट असलं की झालं, नाव सावजी.

आपल्या धंद्यात ओपन सोर्स कोड कोणीही वापरतं, त्यात वाईट काही नाही. पण फाइलच्या डोक्यावर मूळ लेखकाचं नाव असतं ते पुसायचं नाही, एवढा शिष्टाचार आपण पाळतो. सावजीच्या बाबतीत कोड सगळीकडे पोचला आणि वरची ती ओळ गळून गेली. मेन्यूत 'नागपूरची स्पेशालिटी' असं लिहिलेलं असतं, 'विणकरांचं जेवण' असं मी तरी अजून कुठे वाचलेलं नाही.

धरमपेठेतलं सावजी खाऊ नका असं मी म्हणत नाहीये. मीही खातो. शहर वाढतं तेव्हा चव जागा बदलते, आणि उत्पन्न वाढलेल्या माणसांना एसी हवाच असतो. फक्त पुढच्या वेळी टीममेट आला की त्याला आधी फुटाळ्यावर कणीस खिलवा, सूर्यास्त दाखवा, आणि जेवायला रेल्वेलाइन ओलांडून पलीकडे न्या. तिथे गल्ल्यावर एखादे म्हातारे काका बसलेले दिसले तर सहज विचारा, "काकाजी, घरी माग होता का?" उत्तर ऐकायला वेळ ठेवा. आणि रुमाल दोन न्या, एकाने भागत नाही.