सुभेदारांचे पेन्शन

आमच्या घरात ‘सुभेदार’ म्हटले की एकच माणूस. नाव घ्यायची गरज नसे. आजोबा मंडणगडकडचे, हयात परळच्या गिरणीत गेलेली. बाबासाहेब आंबेडकरांविषयी बोलताना त्यांचा आवाज आपोआप सभेतल्यासारखा चढायचा. पण बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, म्हणजे जणू शेजारच्या खोलीतले बिऱ्हाड. त्यांचे गाव आंबडवे आपल्याच तालुक्यातले, एवढ्या नात्यावर आजोबा त्यांच्या संसाराचा हिशेब मांडायला बसायचे.

रामजींचे वडीलही पलटणीतच होते. गावच्या शाळेने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले असते, त्या शिपायांच्या मुलामुलींना पलटणीत शाळा सक्तीची होती. रामजी तिथे शिकले आणि पुढे लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. आजोबांना बंदुकीपेक्षा या खडूचे कौतुक जास्त. “सुभेदार मास्तर होते,” हे ते दोन-दोनदा सांगायचे. कबीरपंथी, दारू-मटणाला न शिवणारे, फुल्यांना मानणारे. भीमराव, म्हणजे बाबासाहेब, महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला जन्मले. ते चौदावे अपत्य. चौदांतली जगली पाच.

सुभेदार निवृत्त झाले त्याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या दाराने ते वर आले, ते दार त्यांच्यामागे बंद झाले. न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन त्यांनी या हुकुमाविरुद्ध अर्ज केला. उपयोग झाला नाही. तेव्हा सुभेदार राहत ती कॅम्प दापोली पेन्शनर शिपायांनी भरलेली होती. ओट्या-ओट्यावर जुन्या लढाया चालत, आणि घरातल्या पोराला भरती नाही. भरती पुन्हा उघडली ती पहिल्या महायुद्धात, १९१७ साली. तोवर सुभेदार हयात नव्हते.

दापोलीहून ते साताऱ्याला नोकरीला आले. तिथे भीमरावांची आई भीमाबाई गेल्या. मुले आत्या मीराबाईंनी सांभाळली. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेल्या मुलांच्या बैलगाडीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: १९०१ साल, मसूर स्टेशन, जात कळल्यावर गाडीवानाने हाकायला दिलेला नकार, दुप्पट भाडे देऊन पोरांनीच हाकलेली गाडी, रात्रभर पाण्यावाचून. आजोबा ती बापाच्या बाजूने सांगायचे. खटाव तालुक्यातल्या या गोरेगावात दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता, सुभेदार तिथे कॅशियर. मुलांनी येत असल्याचे पत्र धाडले होते, पण ते गड्याकडेच राहिले, सुभेदारांच्या हाती पडलेच नाही. दुसऱ्या दिवशी धुळीने माखलेली पोरे दारात उभी राहिली तेव्हा त्या माणसाचे काय झाले असेल, ते कुठे लिहिलेले मला सापडलेले नाही. आजोबा मात्र तिथे हटकून थांबायचे आणि विडी शिलगावायचे.

मुंबईत आल्यावर परळची डबक चाळ. एका खोलीत चूल, सरपण, भांडी, माणसे आणि शेळीसुद्धा. जागा एकाला आडवे होण्यापुरतीच, म्हणून बापलेकांनी पाळ्या लावल्या. मुलगा संध्याकाळीच झोपायचा, सुभेदार जागे राहायचे. रात्री दोनला त्याला उठवून मग स्वतः त्या जागेवर पडायचे. पोरगा पहाटेपर्यंत दिव्याखाली वाचायचा. तर्खडकरांची भाषांतरमाला त्याच्याकडून घोटून घेतली ती सुभेदारांनीच.

पेन्शन महिन्याला पन्नासेक रुपये आणि पोराची पुस्तकांची भूक पेन्शनच्या तारखा न पाहणारी. मग सुभेदार धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिच्याजवळही रोकडा नसला तर ती अंगावरचा एखादा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन झाल्यावर सुभेदार दागिना सोडवून परत करीत. चरित्रांत हे दोन-चार ओळींत उरकते. मला त्यांच्या अख्ख्या चरित्रात यापेक्षा मोठे काही दिसत नाही. पलटणीतून सुभेदार म्हणून बाहेर पडलेला माणूस लेकींच्या दारात उधारीला उभा राहतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

म्हणून त्यांचा देव करण्याची गरज नाही. त्यांनी दुसरे लग्न केले, तेव्हा धाकट्याला सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने बघवेनात. मुंबईच्या गिरणीत कामाला जाऊन स्वतःच्या पायावर उभे राहायचे, म्हणून तो आत्याच्या कनवटीच्या पिशवीवर पाळत ठेवून होता. अखेर पिशवी हाती लागली तर आत अर्धा आणा. म्हणून तो पुस्तकांकडे वळला. आजोबा या अर्ध्या आण्यावर पोट धरून हसायचे. “रुपया निघाला असता तर तो माझ्याच खात्यात साच्यावर उभा असता!”

१९०७ ला मुलगा मॅट्रिक झाला. पुढे त्याने बडोद्याची नोकरी धरली ती सुभेदारांच्या मनाविरुद्ध. ते गेले २ फेब्रुवारी १९१३ ला. आजारपणाची तार मिळताच मुलगा निघाला, पण वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतला उतरला आणि गाडी चुकली. जेमतेम शेवटची भेट झाली.

आजी या सगळ्या गोष्टी भाजी निवडता निवडता ऐकायची. एकदाच तिने मध्ये तोंड घातले. “दागिना दरवेळी लेकीचाच का?”

“सोडवून देत होते ना,” आजोबा म्हणाले. “आणि काळच तसा होता.”

“काळ कसला? मागच्या वर्षी शाळेची फी भरायला तुम्ही माझ्या पाटल्याच मागितल्या होत्या की.”