लस कोणाच्या दारीं पोंचते?



माझ्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल व्रण आहेत. माझ्या नातवंडांच्या दंडावर ते नाहींत. कारण १९८० सालीं देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. एवढें यश पदरीं असतांनाहि कांहीं घरांतील लेंकरें लशीवांचून कां राहतात? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं थोडें मागें जाऊं.

हिंदुस्थानांत लस प्रथम आली ती आपल्या मुंबईस. जेन्नरसाहेबांचा शोध १७९६ चा. बगदाद व बसऱ्याच्या वाटेनें लस येथें पोंचली आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवी काढण्यांत आल्या. त्या काळीं एका मुलाच्या दंडावरील फोडांतून लस घेऊन ती दुसऱ्यास टोंचीत. ती कोणत्या जातीच्या लेंकराच्या अंगांतून आली, ही शंका उच्चवर्णीयांस सतावी. आणि ज्या मुलांचे फोड उकलीत, त्यांच्या आयांसहि तें रुचत नसे. पुढें वासराच्या अंगावर लस तयार होऊं लागली, तेव्हां धर्माचा प्रश्न निघाला. अखेर १८७७ सालीं मुंबई शहरांत कायद्याची सक्ती आली. म्हणजे लस टाळणारे सगळे अडाणी होते असें नव्हे. शिकल्यासवरलेल्यांचीं घरेंहि त्यांत होतीं.

आतां आमच्या भिवंडी-निजामपुऱ्याकडे वळूं. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगांव आणि भिवंडी येथें गोंवराची साथ आली. गोंवराची लस १९८५ पासून सार्वत्रिक कार्यक्रमांत आहे. पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. मग साथ कां यावी? 'हे लोक ऐकतच नाहींत,' असें मीहि म्हणालों होतों.

आमच्या शेजारीं यंत्रमागावर काम करणारा एक गृहस्थ राहतो. त्याला मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "मास्टरजी, माझी पाळी बारा तासांची. खाडा केला तर मजुरी बुडते. बायको मुलाला घेऊन गांवाहून आली, कार्ड तिकडेच राहिलें. कार्डावांचून गेलें तर बोलणीं बसतील, म्हणून ती गेली नाहीं." यावर मी निरुत्तर झालों. येथें हट्ट नव्हता, धर्म नव्हता. होता तो केवळ वेळेचा, मजुरीचा आणि संकोचाचा अडसर.

हा अनुभव एकट्या घराचा नसावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, एक ते दोन वर्षांच्या बालकांपैकीं सर्व लशी मिळालेलीं देशांत शेंकडा ७६.४ आणि महाराष्ट्रांत ७३.५ होतीं. विशेष म्हणजे देशांतील खेड्यांत हें प्रमाण ७६.८, तर शहरांत ७५.५ ! दवाखाना जवळ असणें आणि लस लेंकरापर्यंत पोंचणें, या गोष्टी निराळ्या आहेत.

गोंवर आंवरण्यास शेंकडा सुमारें ९५ बालकें सुरक्षित असावीं लागतात. म्हणून शंभरांतील दहा घरें सुटलीं, तरी धोका उरलेल्या नव्वदांच्या दारांतील तान्ह्यांसहि असतो. साथीच्या वेळीं आरोग्यसेविका घरोघर फिरल्या आणि पांच वर्षांखालील मुलांस जादा मात्रा दिली गेली. शेजाऱ्याच्या मुलालाहि तेव्हांच लस मिळाली. त्याच्या आईनें नवें कार्ड मला उंबरठ्यावरून दाखविलें. तें पाहतांना माझें तें पूर्वींचें वाक्य मला आठवलें, आणि त्याची मला लाज वाटली.