पहिले सुवर्णपदक आणि ग्वाल्हेरची आई

केंद्र सरकारची चित्रपट पारितोषिके १९५४ साली प्रथम दिली गेली, ती १९५३ च्या चित्रपटांना. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ त्याच वर्षी पहिल्या फिल्मफेअर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ठरला होता, कान महोत्सवातही गौरवला गेला होता. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यालाच, असे कोणीही म्हटले असते. ते मिळाले आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला! ‘दो बिघा जमीन’च्या वाट्याला प्रशस्तिपत्र आले.

मराठी चित्रपट भावुकतेवर जिंकला, असे म्हणणारे आजही भेटतात. कॅमेऱ्याच्या कसबात बिमलदा सरस, हे मलाही मान्य. पण साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक नीट वाचावे. कर्जापायी नागवले जाणारे घर तिथेही आहेच की! हा सन्मान पाहायला गुरुजी मात्र नव्हते. १९५० सालीच ते गेले.

आणि ही कोकणातली आई उभी केली कोणी? आपल्या ग्वाल्हेर संस्थानातल्या पवार घराण्याच्या लेकीने, वनमालाबाईंनी. ‘सिकंदर’मधली रुखसाना (तीही त्याच!) पाहिलेल्यांना नऊवारीतली श्यामची आई ओळखू आली असेल का, कोण जाणे. २००७ साली ग्वाल्हेरमध्येच त्यांचे निधन झाले.

सर्वोच्च पारितोषिक पुन्हा मराठीकडे आले ते थेट २००३ च्या ‘श्वास’ला. मधल्या पन्नास वर्षांत मराठीकडे हे एकच सुवर्णपदक होते, आणि त्यातली आई आपल्याकडची होती.