उपभोगाचा हक्क आणि उपभोगाची तृष्णा

एखादी वस्तू कोणी वापरावी, कोणी वापरू नये आणि ती मिळविण्यासाठी कोणी किती राबावे, हे समाजात कोण ठरविते? भांडवलशाही, चंगळवाद आणि विचारप्रणाली यांविषयी गेल्या दीडशे वर्षांत मांडल्या गेलेल्या सिद्धान्तांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. हे सिद्धान्त बहुतांशी युरोप-अमेरिकेतील समाज डोळ्यांपुढे ठेवून रचले गेले. आपल्या देशात मात्र भांडवलदार येण्याच्या फार पूर्वी या प्रश्नाचे उत्तर जातिव्यवस्थेने देऊन ठेवले होते. म्हणून या सिद्धान्तांची तपासणी आपल्या इतिहासाच्या कसोटीवर करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही ती कोकणातील एका गावापासून आरंभ करीत आहोत.

सीमारेषा आणि किंमत

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर, बांद्याच्या अलीकडे इन्सुली हे गाव आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या तपासणी नाक्यामुळे त्याचे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार येते. गोव्यातून चोरट्या मार्गाने येणारी दारू येथे पकडली जाते. या सीमेला दीर्घ इतिहास आहे. पलीकडचा पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेला. अलीकडे सावंतवाडीचे संस्थान होते. ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. पोर्तुगीज गोव्यात तशी बंदी नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच सीमेवर पत्रादेवी येथे पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि परराष्ट्राची सीमा नाहीशी झाली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याराज्यांतील कराच्या भिंती बऱ्याच अंशी पडल्या. परंतु पिण्याची दारू त्या करातून वगळली असल्यामुळे तिच्यावरील शुल्क प्रत्येक राज्य आपापले ठरविते. परिणामी तीच बाटली पत्रादेवीला एका किमतीची असते आणि इन्सुलीला दुसऱ्या.

बाटलीतील द्रव्यात काहीही फरक पडलेला नसतो. किंमत हा वस्तूच्या अंगचा गुण नाही, ती माणसामाणसांतील व्यवस्थेतून निर्माण होते, हे येथे शाळकरी मुलालाही समजावे. इतरत्र ते समजत नाही, कारण इतर वस्तूंच्या किमतीमागची व्यवस्था अशी नाका बांधून रस्त्यावर उभी नसते.

वस्तूमागे दडलेला माणूस

कार्ल मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात नेमके हेच सांगितले. बाजारात माणसामाणसांतील संबंध वस्तूवस्तूंतील संबंधाचे रूप घेतात. वस्तूला जणू स्वतःचे सामर्थ्य आहे असे भासते आणि ती निर्माण करणारे श्रम दृष्टीआड होतात. देव माणसाने घडवावा आणि मग त्याच देवापुढे माणसाने लोटांगण घालावे, तसाच हा प्रकार. मार्क्सने त्याला क्रयवस्तूची जडपूजा मानले. कोकणातील काजूगराची पिशवी पाहा. काजूबीच्या टरफलातील दाहक तेलाने बी फोडणाऱ्या स्त्रियांचे हात पोळतात, काळे पडतात. शहरातील दुकानात पांढरेशुभ्र काजूगर तेवढे दिसतात. हात दिसत नाहीत.

मार्क्सचे हे विवेचन आम्हांला मोलाचे वाटते. परंतु भारतात वस्तूमागे श्रमाबरोबर आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे जात. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातील हजारो अस्पृश्य कामगार राबत होते. मात्र अधिक मजुरी देणाऱ्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत ओढून घेण्यासाठी ते तोंडाने चोखावे लागे, आणि त्यामुळे आपण बाटू, अशी स्पृश्य कामगारांची तक्रार होती. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. दुकानातील धोतराच्या पानावर वरकड मूल्य जसे लिहिलेले नव्हते, तशीच अस्पृश्यताही लिहिलेली नव्हती. पण दोन्ही त्याच्या धाग्याधाग्यांत विणलेली होती. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन या अनुभवाशी ताडून पाहावे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बजावले, त्याचे मर्मही हेच आहे.

नाकारलेला उपभोग

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचा सिद्धान्त मांडला. श्रीमंत लोक प्रतिष्ठेसाठी उधळपट्टी करतात आणि खालचे वर्ग त्यांचे अनुकरण करतात, असे त्याचे म्हणणे. युरोप-अमेरिकेत ते खरे असेल. परंतु जेथे अनुकरण करणे हाच अपराध ठरतो त्या समाजाचे काय?

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात याचे दाखले दिले आहेत. १९२८ साली इंदूरकडील पंधराहून अधिक गावांतील सवर्णांनी बलाई लोकांवर नियम लादले : जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. १९३५ साली गुजरातेतील झानू या गावी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून अस्पृश्य स्त्रियांना मारहाण झाली. १९३६ साली जयपूर संस्थानातील चकवारा येथे एका अस्पृश्याने आपल्या बांधवांना तुपाचे जेवण घातले, तेव्हा सवर्ण लाठ्या घेऊन चालून आले आणि पंगत उधळली गेली. त्या तुपाची किंमत यजमानाने चुकती केली होती. बाजाराने त्याला ग्राहक मानले. गावाने मानले नाही.

डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना उपदेश केला तो या पार्श्वभूमीवर. अस्पृश्यतेची ओळख पटविणारी नेसण आणि तसले दागिने टाका, इतर स्त्रियांसारखे लुगडे नेसा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. या उपदेशाला चंगळवाद म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आमच्या आया-आज्यांनी नेसलेले ते लुगडे नागरिकत्वाचे निशाण होते. म्हणून उपभोगाचा सरसकट निषेध करणारा विचार आम्हांला स्वीकारता येत नाही. ज्यांच्या ताटात तूप कोणी बळाने येऊ दिले नाही, त्यांना तुपाच्या त्यागाचा उपदेश करणे हा क्रूर विनोद होय.

संमती कशी मिळते

एवढी मोठी विषमता केवळ लाठीच्या बळावर टिकत नाही. इटलीच्या फॅसिस्ट तुरुंगात १९२९ ते १९३५ या काळात टिपणे लिहिणाऱ्या अंतोनिओ ग्राम्शीने दाखविले की, सत्ताधारी वर्ग आपले विचार सर्वांच्या सामान्य समजुतीत मुरवितो आणि शासितांची संमती मिळवितो. यालाच त्याचे धुरीणत्व म्हणतात. आपल्याकडे पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताने हे कार्य शतकानुशतके केले. शिवाय येथील विषमता श्रेणीबद्ध आहे. वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारा तिरस्कार, असे तिचे स्वरूप बाबासाहेबांनी उघड केले. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी मिळतो. त्यामुळे संपूर्ण उतरंडीविरुद्ध सर्वजण एकत्र येत नाहीत.

आजचा बाजार हीच उतरंड नव्या रूपाने रचतो. मॅक्स होर्कहायमर आणि थिओडोर अडोर्नो यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘संस्कृती-उद्योग’ ही कल्पना मांडली : चित्रपट, गाणी, करमणूक यांचेही कारखान्याप्रमाणे उत्पादन होते आणि श्रोता हाच गिऱ्हाईक बनतो. हर्बर्ट मार्क्यूजने १९६४ साली खऱ्या आणि खोट्या गरजा यांतील भेद सांगितला. माणसे आपल्या वस्तूंतच आपली ओळख शोधू लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. मोटारसायकलची, भ्रमणध्वनीची, लग्नाच्या मांडवाची पायरी पाहून आज माणसाची किंमत केली जाते. खालच्या पायरीवरील माणूस वरच्याला नमतो आणि त्याच्याही खालच्याला हसतो. हे दृश्य आम्हांला अनोळखी वाटू नये.

मुंबईच्या गिरणगावाने हे स्थित्यंतर दोन पिढ्यांत पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो मोडला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ साली नवे आर्थिक धोरण आले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आज भव्य मॉल उभा आहे. कोकणच्या घरांना मनीऑर्डर पाठविणारा कामगार तेथे कापड निर्माण करीत असे; त्याच्या नातवाला तेथे कापड विकत घेण्याचे निमंत्रण आहे. उत्पादक म्हणून त्याला संघटना होती, संपाचे हत्यार होते. ग्राहक म्हणून तो एकटा आहे. चंगळवादाचे खरे राजकारण या एकटेपणात आहे.

तथागतांची मीमांसा

दीघ निकायातील महानिदान सुत्तात तथागतांनी एक कार्यकारणशृंखला सांगितली आहे. तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून आसक्ती, आसक्तीतून परिग्रह, परिग्रहातून मात्सर्य, मात्सर्यातून राखण आणि राखणीतून दंड, शस्त्र, कलह व असत्य उद्भवते. येथे तृष्णा ही केवळ एका माणसाच्या मनातील विकार म्हणून उरत नाही. ती मालमत्तेपर्यंत आणि हिंसेपर्यंत पोहोचते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हीच शृंखला देऊन ती वर्गसंघर्षाची यथार्थ मीमांसा असल्याचे म्हटले आहे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तीही याच भूमिकेवरून : दुःखाचे मूळ शोषणात आहे हे मान्य, पण माणसाचे मन पालटल्याविना आणि हिंसेच्या बळावर उभारलेली समता टिकत नाही.

याचा अर्थ तथागतांनी दारिद्र्याचा गौरव केला, असा नाही. भिक्खूसाठी त्यांनी मोजक्याच वस्तू ठेवल्या. गृहस्थासाठी नियम वेगळा आहे. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : न्यायाने मिळविलेली संपत्ती असण्याचे सुख, तिचा उपभोग घेण्याचे सुख, ऋणमुक्त असण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. व्यग्घपज्ज सुत्तात उधळपट्टी नाही आणि कंजूषीही नाही, अशी समजीविता सांगितली आहे. ब्रह्मदेशात सल्लागार म्हणून जाऊन आलेल्या अर्न्स्ट शूमाखर या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली ‘बौद्ध अर्थशास्त्र’ हा निबंध लिहिला. कमीत कमी उपभोगातून जास्तीत जास्त कल्याण हे त्याचे सूत्र होते. ते चांगले आहे, परंतु त्यात चकवाऱ्याच्या पंगतीला जागा नाही. बाबासाहेबांच्या धम्मात ती आहे.

यावरून आम्हांला दोन कसोट्या हाती लागतात. पहिली समतेची : ही वस्तू मला नाकारली जाते ती माझ्या जन्मामुळे का? तसे असेल तर तिच्यासाठी लढणे हा धम्म आहे. दुसरी तृष्णेची : ही वस्तू मिळविताना मी कर्जात बुडतो का, दुसऱ्याचे पोळलेले हात विसरतो का, आपल्या बांधवाला तुच्छ लेखतो का? तसे असेल तर ती सोडणे हा धम्म आहे. दारूच्या बाबतीत तर संशयालाच जागा नाही. पंचशीलाने तिचे सेवन वर्ज्य केले आणि अंगुत्तर निकायात उपासकाला निषिद्ध असलेल्या पाच व्यापारांत मद्याचा व्यापार मोजला आहे. इन्सुलीचा नाका कर बुडविलेली बाटली अडवितो. कर भरलेली बाटली घरात येते तेव्हा तिला अडविणारे शीलच असते.

मात्र शील पाळून व्यक्तीने थांबावे, असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी आणि ही तरतूद घटनेतच असावी, अशी मागणी केली. बाजारापुढे एकट्या पडलेल्या माणसाला शील सावरते. त्याच्या शेजारी दुसऱ्याला उभे करण्यासाठी संघ लागतो. विहारात जमलेल्या कुटुंबांनी लग्नाचा खर्च, सावकाराचे व्याज आणि मुलांचे शिक्षण या तीन गोष्टींचा हिशेब एकत्र बसून मांडला, तरी या कार्याचा आरंभ होईल.