कानबाई उधन्याला उतरते

श्रावणातला शनिवार, संध्याकाळची वेळ. तुम्ही उधना स्टेशनच्या फलाटावर उतरता आणि सगळी गर्दी तुमच्या अंगावर येते. तुम्ही सुरतेत आलात आणि ही माणसं सुरतेतून निघालीत. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर. गाठोडी खिडकीतून आधी आत जातात, पोरं मागून. नागपंचमी होऊन गेली, उद्याचा रविवार कानबाईचा. ज्या कुळाची कानबाई गावच्या मूळ घरी बसते, त्यांना आज गाडी चुकवून चालत नाही. ज्यांनी तिला इथेच बसवलं, त्यांच्याकडे तुम्ही निघालात.

रिक्षावाल्याला तुम्ही जपून हिंदीत ‘डिंडोली’ म्हणता. तो आरशातून बघतो. “मराठी शेतस का भो? मंग तसं सांगा ना.”

रविवारी रात्री तुम्ही त्या खोलीत मांडी घालून बसलेले असता. गल्लीतली घरं एकाला एक टेकलेली, चिंचोळी. भिंतींना नवा रंग, तांब्यापितळेची भांडी घासून लख्ख. चौरंगावर कलश, कलशावर नारळ, आणि नारळाला चेहरा: डोळे, कुंकू, नाकात नथ. खांद्यावरून लुगडं, भोवती केळीचे खांब. हीच कानबाई. तिचा कन्हेरदेव सोबत असतो, बायकांच्या गाण्यांत रानबाईचंही नाव येतं. गाणी अहिराणीत. एकीचा आवाज बसला की दुसरी उचलते, रात्रभर.

दुपारी नैवेद्य झाला. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. लाल भोपळ्याला गंगाफळ म्हणतात हे तुम्हाला इथे कळलं. पण खरी गोष्ट रोटाची. गहू आणि हरभऱ्याची डाळ घरातल्या पुरुषमाणसांच्या डोक्यांनुसार मोजून घ्यायची, कुठे सव्वा मूठ, कुठे त्याहून जास्त, आणि त्या दळणाचा रोट करायचा. घरात मुलगा जन्मला की माप वाढतं. मुलीचं माप नाही. देवी बाई, राबणाऱ्या बाया, रात्र जागवणाऱ्या बाया, आणि मोजणी पुरुषांची. ही गोष्ट मला दरवेळी टोचते. तिथे बसून बोललो मात्र कधीच नाही.

दाराशी शेजारची गुजराती बाई येऊन हात जोडते. तिला काही समजावून सांगावं लागत नाही. तिच्या सासरी शुभकार्याला रांदलमाचे लोटे मांडतात. लोट्यावर नारळ, नारळाला डोळे, वरून चुंदडी. रांदल म्हणजे सूर्याची बायको. दोन लोटे मांडले तर एक संज्ञा, दुसरी तिचीच सावली छाया. निमाडात गणगौरीच्या गाण्यांतली रनुबाई धणियर राजाची, म्हणजे सूर्याचीच. पंडित या सगळ्या जणींचं नातं लावोत न लावोत, दारातल्या बाईने केव्हाच लावलंय.

आता त्या नारळाकडे जरा जास्त वेळ बघा. जुनं आहे. कुळात चालत आलेलं नारळ दरवर्षी बदलत नाहीत. आतलं पाणी कधीच आटलं असणार. गाणं चढत जातं, समईची ज्योत हलते, आणि खोलीतली भिंत मागे सरते.

तुम्ही तापीच्या काठावर आहात. सोमवार, ७ ऑगस्ट २००६. त्या वर्षी नागपंचमी ३० जुलैला, रविवारीच आली होती. म्हणजे कानबाईचा रविवार सहा तारखेला आणि विसर्जनाचा सोमवार सातला. पंचांगाने नेमका हाच दिवस काढून दिला. वर उकाई धरणातून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात. पाणी आवाज करत नाही, हेच भयंकर. पायरी होती, आता नाही, एवढंच. रांदेर, अडाजण पाण्याखाली जातात, मग शहराचा बहुतेक भाग. वीज नाही, दूध नाही, गच्च्यांवर माणसं. जिला निरोप द्यायला नदीवर जायचं, तिला नेण्याआधी नदीच दारात आलेली.

आणखी मागे. १९७२. महाराष्ट्र दुष्काळाने करपलाय आणि त्याच वर्षी उकाईचं धरण पुरं झालंय. एकाच नदीच्या वरच्या अंगाला कोरडी विहीर आणि खालच्या अंगाला भरलेला जलाशय. खालच्या अंगालाच पुढे मागाचा खडखडाट आहे, उधना, पांडेसरा, लिंबायत. कोरडवाहू रानातला माणूस उताराच्या बाजूला वाहत गेला, पाणी जातं तसा.

तो रस्ता मात्र त्याच्या आधीचा. १९०० साली तापी व्हॅली रेल्वेचे रूळ सुरतेपासून अमळनेरपर्यंत पडलेत. तुम्ही लाकडी बाकावर बसलात. बाहेर जमीन भेगाळलेली, गुरांचे सांगाडे. विक्रम संवत १९५६ चा हा दुकाळ गुजरातेत ‘छप्पनियो’ या नावाने लक्षात राहिला. खानदेशालाही त्याने सोडलं नाही. समोरच्या म्हातारीच्या मांडीवर फडक्यात काहीतरी गोल बांधलेलं. डबा हिसका देतो तशी ती दोन्ही हातांनी ते धरते. काय आहे, हे विचारायची गरज नाही. देऊळ, पुजारी, गाभारा काहीच लागत नाही अशी देवी त्या फडक्यात मावते.

त्याच्याही मागे ६ जानेवारी १६६४ लागतो, शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तो. मराठी वाचक सुरत म्हटलं की तिथेच घोडा थांबवतो, म्हणून आपण थांबायचं नाही. धूर दिसतोय, तेवढा पुरे. पुढे चला.

आता शहर नाही. रानाने भरलेला डोंगर आहे आणि तहानेने कोसळून मेलेल्या घोड्याजवळ उभा असलेला एक राजा, ऋक्षाचा मुलगा संवरण. महाभारताच्या आदिपर्वात गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो. आपण तर कौंतेय, हे तापत्य कुठून आलं, असं अर्जुन विचारतो, तेव्हा ही गोष्ट निघते. संवरणाला डोंगरावर एक मुलगी दिसते आणि दिसताच नाहीशी होते. तो शुद्ध हरपून पडतो. ती परत येते, पण सांगते, मी माझी स्वतंत्र नाही, माझ्या बापाकडे मागणं घाल. बाप सूर्य. बारा दिवस संवरण हात जोडून उभा राहतो, मग वसिष्ठ सूर्याकडे जाऊन तपतीला घेऊन येतात.

गोष्ट इथे संपली असती तर नेहमीची झाली असती. दोघं त्या डोंगरावरच राहतात, बारा वर्षं. आणि बारा वर्षं राजाच्या मुलखात पावसाचा थेंब नाही. माणसं घरं टाकून दिशा फुटेल तिकडे जातात. शेवटी वसिष्ठ दोघांना नगरात परत आणतात, तेव्हा पाऊस पडतो. त्यांचा मुलगा कुरू, ज्याच्या नावाने कौरव.

तुम्ही त्या डोंगरावर उभे राहून खाली बघता. गाठोडी घेऊन निघालेली माणसं. हा चेहरा तुम्ही आत्ताच गाडीत पाहिलात.

हीच तपती नदी झाली, असं तापीकाठचे लोक मानतात. सूर्याची छायेपासून झालेली मुलगी, शनीची सख्खी बहीण, यमुनेची सावत्र. मुलताईला उगम, ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्र. कर्णही सूर्याचाच, म्हणून त्याचं दहन याच काठी झालं असं सांगतात. अश्विनीकुमार घाटावर तीन पानांचा वड लोक अजून दाखवतात. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरत तापीचा वाढदिवस करते आणि नदीला चुंदडी नेसवते. गंगेत अंघोळ करावी लागते, नर्मदेचं दर्शन घ्यावं लागतं, तापीला नुसतं आठवलं तरी चालतं, असा तिचा महिमा. घर सोडून लांब राहणाऱ्याला याहून सोयीचं तीर्थ कुठे मिळणार?

कोणीतरी तुमच्या खांद्याला हात लावतं. “उठा भो, निंघानं शे.”

सोमवार उजाडलाय. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया पुढे, वाजंत्री मागे, मध्येच फुगड्या. पूल, रिक्षांचे हॉर्न, कापडाने भरलेले टेम्पो वाट देतात. काठावर आरती होते. काही घरांत जुनं नारळ पाण्यात बुडवून परत आणतात, पुढच्या श्रावणासाठी. ओलं नारळ फडक्यात बांधलं जातं, तेव्हा गाडीतल्या म्हातारीचे हात तुम्हाला ओळखू येतात. हे पाणी भुसावळवरून, प्रकाशा गावावरून आलेलं. गाव मागे राहिलं, नदी सोबत आली.

पुढच्या श्रावणात जमलं तर नागपंचमीनंतरच्या रविवारी उधन्याला उतरा. रिक्षावाल्याशी हिंदीत बोलू नका. खीर, पुरणपोळी आग्रहाने वाढतील, रात्रभर बसू देतील. रोट तेवढा मागू नका, तो भाऊबंदांतच खायचा असतो.